डावा कौल

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५
दुपारी अडीच वाजता, तपासणीच्या खोलीतल्या फरशीवरच्या रेघा नव्यानं रंगवून झाल्यावर

ती. अक्कास,
सयाजीचा नमस्कार.

तुझ्या नावाआधी सौ. लिहायचं की नाही ते मला ठरवता आलं नाही. लिहिलं तर आबा म्हणतील टोमणा मारला, नाही लिहिलं तर तुला लागेल. म्हणून नुसतं ती. लिहिलं आहे. वाईट वाटून घेऊ नकोस.

दुपारी दवाखाना बंद असतो. रंग वाळेपर्यंत आत पाय ठेवता येत नाही, म्हणून दारात स्टूल घेऊन बसलो आहे. गेल्या मंगळवारी मार्केट यार्डाजवळ चहाच्या गाड्यावर बाळासोमामा भेटले. दुधाचा टेम्पो मोकळा झाला की ते मंगळवारी पेंड न्यायला इकडे येतात, हे मला ठाऊक नव्हतं. मला बघून म्हणाले, "आरं सया, जित्ता हाईस व्हय? आम्हाला वाटलं गेलास मुंबईला." मी म्हटलं, हाय की. मग चिठ्ठी न्याल का विचारलं. म्हणाले, "न्हेतो. पर तुज्या बाच्या हातात न्हाय देणार. बाळाबाई डेअरीत दूध घालाय येती तवा किटलीखाली सरकवतो." म्हणून हे पत्र तुला डेअरीत मिळेल. वाचून झाल्यावर ठेवायला जागा नसली तर चुलीत घाल, मला चालेल.

दिवाळीत पाडव्याला मी आबांच्या फोनवर फोन केला होता. "मी सया" एवढं म्हणालो आणि फोन बंद झाला. भाऊबीजेला मग केला नाही.

मी राजारामपुरीत कान-नाक-घशाच्या दवाखान्यात कामाला आहे. पहिलं वर्ष झाडलोट केली. आता कानाच्या तपासणीला मदतनीस म्हणून घेतलं आहे. मदतनीस म्हणजे पेशंटच्या पाठीमागे उभं राहायचं. दोन्ही हात त्याच्या अंगाजवळ उघडे धरायचे, पण लावायचे नाहीत. पडायला लागला तरच धरायचं. राहायला मागची खोली दिली आहे. जेवण खानावळीत. दोघं फौंड्रीतले आहेत खोलीत, त्यांची पाळी रात्रीची, त्यामुळे आमची गाठ फक्त दारात पडते.

एक विचारतो. तुझ्या डाव्या कानात देवीचा घुंगूर अजून वाजतो का? वाजायच्या आधी कान भरून आल्यासारखा होतो का? आई डावीकडून हाक मारते तेव्हा तू मान फिरवून उजवा कान पुढे करतेस. ते आधीपासून होतं, की वारं यायला लागल्यावर सुरू झालं? का विचारतो ते नंतर लिहीन. काळजीचं काही नाही, सहज विचारतो आहे.

लिहायला सवड नसली तर बाळासोमामांना तोंडी सांग.

तुझा भाऊ,
सयाजी


मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
नमस्कार.

तुझा निरोप पोहोचला. बाळासोमामांनी तो तुझ्याच आवाजात सांगितला: "सांग त्येला, घुंगूर वाजतोय. आदी कान भरतोय, मग समदं घर फिरतंय, मग वकारी. आन इचार, जेवतोस का न्हाय." मी जेवतो. आमटी पाणीदार असते, पण भाकरी चांगली असते.

आणि कान पुढं करायचं काय, त्याचं उत्तर तू दिलं नाहीस असं ते म्हणाले. नुसती हसलीस.

सहज विचारतो म्हणालो होतो, ते खरं नव्हतं. आता काय पाहिलं ते लिहितो.

ऑगस्टमध्ये मला पहिल्यांदा तपासणीला उभं केलं. गारगोटीकडची एक बाई आली होती, तुझ्याएवढीच. सारखी चक्कर, घरचे म्हणत होते उपास फार करते. दीप्ती मॅडम तपासणी करतात. त्यांनी तिला फरशीवरच्या गोलात उभं केलं, डोळ्यांवर पट्टी बांधली, हात समोर सरळ धरायला लावले आणि सांगितलं, "आता जागच्या जागी पावलं टाका. पुढं जायचं नाही, वळायचं नाही. मी थांबा म्हणेपर्यंत." बाईनं पावलं टाकायला सुरुवात केली. हळूहळू तिचे हात, मग खांदे, मग सगळं अंग उजवीकडे फिरत गेलं. चतकोर भाकरीएवढं फिरलं. थांबवून पट्टी काढली तर समोर भिंतीऐवजी दार. ती म्हणाली, "कुणी फिरवलं मला? मी तर जाग्यावरच हुते."

सगळे पेशंट हेच म्हणतात. मी तर सरळच होतो.

मी तिच्या मागं उभा होतो, अक्का, आणि मला वाघजाईच्या देवळातला धूर आठवला. मी एक पाऊल मागं सरलो. दीप्ती मॅडमना वाटलं मी घाबरलो. नंतर त्यांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं. म्हटलं, आमच्या गावात दर अमावास्येला माझ्या बहिणीला देवीसमोर अशीच उभी करतात. डोळे मिटून, हात पुढे. हलगी वाजते आणि ती जागच्या जागी पाय नाचवते. आबा प्रश्न विचारतात. वारं आलेली बाई उजवीकडे वळली तर उजवा कौल, म्हणजे होय. डावीकडे वळली तर डावा कौल, म्हणजे नाही. देवी तिच्या डाव्या कानात बोलते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नंतर विचारलं, "ती कुठल्या बाजूला वळते?"

मी म्हटलं, कधी इकडे, कधी तिकडे.

खोटं बोललो. का ते मला माहीत नाही. तुझी बाजू घ्यावीशी वाटली.

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत लिहितो. कानाच्या आत, ऐकू येतं त्याच्या शेजारीच, तोल सांभाळणारा एक भाग असतो. दोन कानांत दोन. ते बैलजोडीसारखे बरोबरीनं ओढतात. एक बैल थकला की गाडी त्याच्या अंगाला वळते. डोळे उघडे असतील तर डोळा सांभाळून घेतो. डोळे मिटले की कान उघडा पडतो. बहुतेक जण ज्या बाजूचा कान दुबळा, त्या बाजूला वळतात. पण एवढ्या एका चाचणीवरून काही ठरत नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. पुढे कानात गार आणि कोमट पाणी सोडून डोळ्यांची हालचाल बघतात, ऐकण्याची तपासणी करतात, तेव्हा कळतं.

त्या दिवशी त्यांनी मलाही उभं केलं, रेघा बरोबर आहेत का बघायला. मी होतो तिथंच राहिलो. "नॉर्मल," त्या म्हणाल्या. मला बरं वाटायला हवं होतं. पण मला वाटलं होतं मीही थोडा डावीकडे वळेन.

मी तुला काही म्हणत नाही. फक्त पाहिलं ते लिहिलं.

सयाजी


मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
नमस्कार. हे पत्र आधी पूर्ण वाच, मग विचार कर. बाळासोमामा टेम्पो भरून होईपर्यंत थांबले आहेत, तेवढाच वेळ आहे. खाडाखोड झाली तर माफ कर.

आईचं मला आज कळलं. दिवाळीपासून तिच्या अंगावरून जातंय, राधानगरीच्या डॉक्टरांनी पिशवीला गाठ आहे, काढायला उशीर करू नका म्हणून सांगितलं, आणि आबा परवा गुरुवारी, अमावास्येला, देवीला विचारणार आहेत. हे मला कुणी कळवलं नाही. बाळासोमामांनाही वाटलं मला ठाऊक असेल.

ते मला हसत हसत सांगत होते. "तुज्या बहिणीची देवी लई कडक बाबा. गावात आता म्हणच पडलीया, सोयरीक मोडायची असंल तर नारळ घिऊन बाळाबाईकडं जावा. कोण उसनं मागाय आलं की सरपंचबी म्हंतोय, थांब, देवीला इचारून सांगतो." मी हसलो नाही. त्यांनी विचारलं, "काय रं, काय झालं?"

अक्का, देवी कधी होय म्हणाली आहे का? गेल्या आठवड्यात मी तीन रात्री आठवून पाहिलं. मला एकही आठवत नाही. बारव खोल करायची का, नाही. आमची तांबडी गाय विकायची का, नाही. मी नववी झाल्यावर मला कोल्हापूरला वसतिगृहात ठेवायचं का, नाही. मी कोल्हापूरला कामाला जायचं का, नाही, आणि तरी मी गेलो, म्हणून मी कौल मोडलेला. आणखी एक आहे, ते मी लिहीत नाही. ते तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

परवा आबा विचारतील, हिचं ऑपरेशन करायचं का. तू डोळे मिटशील, हलगी वाजेल आणि तू डावीकडे वळशील. तुला वळायचं नसलं तरी वळशील. तुला वाटेल तू सरळच आहेस. मग आईला कुणी दवाखान्यात नेणार नाही आणि ती स्वतःही जाणार नाही, कारण ती देवीला आबांच्याहून जास्त मानते.

काय करावं मला सुचत नाही. आबांना प्रश्न उलटा विचारायला सांग. ऑपरेशन थांबवायचं का, असा. मग डावा आला तरी चांगलंच होईल. पण आबा असं विचारणार नाहीत, आणि त्यांना कारण काय सांगणार. ताप आला म्हणून सांग. पण मग पुढच्या अमावास्येपर्यंत थांबतील. मी उद्या येऊ का? आलो तर मला बघूनच कौल बिघडला म्हणतील.

मी देवीला खोटी म्हणत नाही. तू तर सोंग करत नाहीस, हे मी कुणापुढेही सांगेन. तुला ओकारी यायची, तू खांबाला धरून बसायचीस, ते सोंग नव्हतं. देवी असेलही. पण तिला बोलायचंच होतं तर तिनं तुझा दुखरा कान का निवडावा, हे मला कळत नाही.

मामा हॉर्न देत आहेत. एवढंच लक्षात ठेव, डोळे उघडे असले की माणूस वळत नाही.

सया


मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
नमस्कार.

सकाळी नऊपासून मी चहाच्या गाड्यावर उभा होतो. बाळासोमामा साडेअकराला आले. खाली उतरले नाहीत, टेम्पोतूनच म्हणाले, "चढ वर, सांगतो." मग पेंडीच्या दुकानापर्यंत सांगत गेले. ते सांगत होते ते मी इथे लिहितो, कारण तुझ्याकडून ऐकायला मिळेल असं वाटत नाही. चुकलं असेल तर दुरुस्त कर. लहानपणी माझ्या वह्यांत करायचीस तसं.

म्हणाले, देवळात नेहमीपेक्षा जास्त माणसं होती, कारण प्रश्न घरचाच होता. आई बायकांत बसली होती. हलगी सुरू झाली, तू पाय नाचवायला लागलीस. आबांनी विचारलं, "आई वाघजाई, तुज्या लेकराच्या पोटाला सुरी लावायची का?"

"आन सया," मामा म्हणाले, "म्या म्होरंच बसलोतो. बघतो तर हिचं डोळं उघडं. टक्क. समईवर नजर लावलीया आन पाय चाललंत. हलगीवाल्यानं बघितलं, त्येचा ठेकाच चुकला."

आबांनी दुसऱ्यांदा विचारलं. तू वळली नाहीस. ना इकडे, ना तिकडे. आबा म्हणाले, "वळ की आई. कौल दे." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तू पाय थांबवलेस.

"म्हणाली काय म्हायती हाय? म्हणाली, आबा, मला इचारू नगा. ज्या कानात देवी बोलती म्हंतासा, त्या कानानं मला कायबी ऐकाय येत न्हाय."

मामा म्हणाले, आबांनी हातातला नारळ खाली ठेवला, फोडला नाही. मग बायकांतून आईचा आवाज आला, "मग मी जाती दवाखान्याला. आता कुणाला इचारायचं ऱ्हायलं?" आणि ती उठून चप्पल शोधायला लागली, जणू काही तेव्हाच निघणार होती. त्यावर काही जण हसलेसुद्धा.

मामांनी हे सांगितलं तेव्हा मी टेम्पोतच रडलो. त्यांनी समोर बघत गाडी चालवली.

मग थोड्या वेळानं म्हणाले, "पर एक सांगू का. चार दिस झालं, डेअरीत बाया तिच्याशी बोलनात. वारं गेलं म्हंत्यात. आदी रांगेत म्होरं सोडत हुत्या, आता किटली घिऊन मागं हुबी असती." एक म्हातारी म्हणाली म्हणे की दहा वर्षं आमच्या माना खाली घालायला लावल्या, ते कुणाच्या पायावर?

हे मी धरलं नव्हतं. मी फक्त आईचा विचार केला होता. तुला रांगेत मागं उभं राहावं लागेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आईचं ऑपरेशन ३ डिसेंबरला इथल्या सरकारी दवाखान्यात ठरलं, हेही मामांकडूनच कळलं. मी सकाळी येईन. आबांना आवडलं नाही तर बाहेर उभा राहीन. आईला सुट्टी मिळेपर्यंत तू इथंच असशील, तर त्यात एक सकाळ माझ्याबरोबर आमच्या कानाच्या दवाखान्यात ये. दीप्ती मॅडमना मी खरं सांगितलं आहे. त्यांनी विचारलं, "डावीकडेच ना?" मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. तू उत्तर द्यायला फार वेळ घेतलास."

सयाजी


मंगळवार, १६ डिसेंबर २०२५
सकाळी पावणेसात वाजता, पाणी यायच्या आधी

ती. अक्कास,
नमस्कार. आईला टाके काढायला कधी आणणार ते मामांकडून कळव.

आबा सहा दिवस वॉर्डाबाहेरच्या बाकावर माझ्यापासून दोन माणसं सोडून बसले. मी रोज डबा न्यायचो. पाचव्या दिवशी त्यांनी रिकामा डबा स्वतः धुऊन माझ्या हातात दिला.

आता आठ तारखेचं लिहितो. त्या वेळी तुझ्या डोळ्यांवर पट्टी होती, म्हणून तुला जे दिसलं नाही ते सांगतो.

तू चप्पल बाहेर काढलीस आणि गोलात पाऊल ठेवण्याआधी खाली वाकून फरशीला हात लावून तो कपाळाला लावलास. दीप्ती मॅडम पट्टी हातात घेऊन थांबल्या. मग तू विचारलंस, "हलगी न्हाय व्हय?" त्या म्हणाल्या, "नाही, मी मोजते." तू म्हणालीस, "मोजा. पर मोठ्यानं मोजा, हिकडच्या कानाला."

त्यांनी मोजायला सुरुवात केली. पहिली काही पावलं तू अगदी सरळ होतीस. मला वाटलं माझं सगळं चुकलं. माझ्या एका पत्रानं तुझी देवी गेली, आणि तुझा कान तर चांगला आहे. मग तुझ्या डाव्या हाताची बोटं थोडी बाहेर गेली. मग खांदा. तू खिडकीकडे वळायला लागलीस.

मला तुझ्या मागंच राहावं लागतं. समोरचा माणूस वळेल तसं मागच्यानं वळायचं असतं, नाहीतर तो पडला तर हाताला लागत नाही. म्हणून तू वळत गेलीस तसा मीही वळत गेलो. तुला माहीत नव्हतं, पण आपण दोघंही डावीकडे फिरत होतो. तुझ्या पदराला माझी बोटं लागतील एवढं अंतर होतं. मी लावली नाहीत. पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, "सयाजी, तू धरलंस की कानाचं काम तू केलंस." दवाखान्यात माझा हात कुणाला लागतो तो फक्त पडणाऱ्याला.

तू पडली नाहीस. पट्टी काढल्यावर तू खिडकीकडे बघितलंस, मग फरशीवरच्या रेघांकडे, आणि म्हणालीस, "मी तर सरळच हुते."

दीप्ती मॅडम कागदावर लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, त्याचं मला बरं वाटलं.

पुढचं तुला माहीत आहे. पाणी सोडलं, तू ओकलीस, मी बादली धरली. डावा कान दुबळा आहे, ऐकणंही त्याच बाजूला कमी झालं आहे. कानातलं पाणी वाढतं तेव्हा घुंगूर वाजतो आणि घर फिरतं. जीवाला धोका नाही. मीठ कमी करायचं, लोणचं आणि खारातली मिरची बंद. गोळ्या जेवल्यावर. अंगठा समोर धरून त्याच्यावर नजर ठेवायची आणि मान हलवायची, तो व्यायाम सकाळी आणि संध्याकाळी. गेलेलं ऐकणं परत येईल असं त्या म्हणाल्या नाहीत, ते मी तुला उगाच सांगणार नाही.

नंतर आपण स्टँडवर बसलो. आईच्या दवाखान्यातून सुट्टीचा कागद मिळाला होता, आबा तिला घेऊन मागून येणार होते. तू शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत होतीस, मी लहान असताना ठेवायचीस तशा. तेव्हा तू विचारलंस, "मग त्या दिशी न्हाय कुणी म्हटलं?"

कुठल्या दिवशी ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. तेवढ्यात आबा आणि आई आले, आईला धरून चढवायची गडबड झाली, गाडी निघाली. तू खिडकीशी बसली होतीस, पण उजवा कान आतल्या बाजूला होता. मी खाली उभा राहून काहीतरी बोललो, ते तुला ऐकू गेलं नाही. बरं झालं, ते उत्तर नव्हतं.

आठ दिवस त्याच्यावर विचार केला. आता लिहितो.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. पिराजी दाजी पन्हाळ्याकडून सकाळच्या गाडीनं आले होते. तुझ्यासाठी मोरपंखी साडी आणली होती आणि माझ्यासाठी कंपासपेटी. तू माहेरी येऊन दोन वर्षं झाली होती. ते म्हणाले होते, वारं येतंय तर येऊ दे, आमच्यात बी येतंय, मी न्यायला आलोय. तू आत भाकरी करत होतीस आणि त्या दिवशी तुझ्या भाकरी सगळ्या फुगल्या. मला हे आठवतं, कारण आई म्हणाली होती, बघ, हिचा हात आज कसा चालतोय.

संध्याकाळी आबांनी देवीला विचारलं, बाळाबाईला नांदायला धाडायची का.

मी तुझ्या मागं होतो, अक्का. तू पडशील म्हणून आईनं मला मागं उभं केलं होतं. तू वळायला लागलीस तेव्हा मला तुला खांद्याला धरून उजवीकडे फिरवावंसं वाटलं होतं. मला दाजी आवडायचे. पण वारं आलेल्या बाईला हात लावायचा नसतो.

तू विचारलंस, नाही कुणी म्हटलं. देवीनं म्हटलं नाही. तूही म्हटलं नाहीस. तुझ्या मनात काय होतं ते भाकरी फुगल्या त्यावरून मला तेव्हाच कळलं होतं. वळला तो कान. आणि कानाला पिराजी दाजी कोण, हे ठाऊक नव्हतं. त्याला साडी ठाऊक नव्हती, काही विचारलंय हेसुद्धा ठाऊक नव्हतं. त्याला नुसतं नीट उभं राहता येत नव्हतं.

हे लिहू नये असं मला तीनदा वाटलं. देवी नाही म्हणाली, हे ऐकून माणूस गप्प बसू शकतं. कुणीच नाही म्हटलं नव्हतं, हे घेऊन तू काय करशील? पण तू विचारलंस, आणि तुला खोटं लिहायला मला जमत नाही. तूच मला शुद्ध लिहायला शिकवलंस. 'होय की नाही' मधला की दीर्घ, वेलांटी उजवीकडं. "डावीकडं दिलीस तर फटका दीन," म्हणायचीस. मी अजून प्रत्येक की लिहिताना तुझा आवाज ऐकतो.

दाजींनी दुसरं लग्न केलं, त्यांना मुलं आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे पुढं काय लिहावं ते मला कळत नाही. इथंच थांबतो. बाहेर पाणी आलं, बादल्या लावायच्या आहेत.

तू जाताना म्हणालीस, माज्यावर कायकाय खर्च केलास ते लिहून धाड, कुणाचं ठेवायचं नाही. म्हणून लिहितो.

खर्च: दीप्ती मॅडमनी तपासणीचे अर्धेच घेतले, ९००. गोळ्या एका महिन्याच्या, ४१०. स्टँडपर्यंत रिक्षा, ६०. शेंगा, २०. तुझं एस.टी.चं अर्धं तिकीट तू काढू दिलं नाहीस.

हे सगळे पैसे पगारातून उचल घेतले आहेत, तीन महिन्यांत फिटतील. त्यात तुझं देणं काही नाही. ते लिहायचंच नव्हतं, तू सांगितलंस म्हणून लिहिलं.

माझं तुला देणं: भाऊबीज २०२४, ओवाळणी ५०१. भाऊबीज २०२५, ओवाळणी ५०१.

हे पैसे पाकिटात घालून पाकीट चिकटवलंही होतं, मामांच्या हाती पाठवणार होतो. पण ओवाळल्याशिवाय ओवाळणी देत नाहीत. म्हणून पाकीट माझ्याकडे ठेवलं आहे आणि ही बाकी तशीच लिहिली आहे.

सयाजी